एजंटला ‘नेहमीचं मागव’ म्हणायचं असेल तर

प्रश्न थोडक्यात असा. प्रश्नकर्ते व्हिएन्नात राहतात. घरी एका छोट्या मशीनवर ओपनक्लॉ हा एजंट, म्हणजे सांगितलेली कामं आपणहून करणारा एआय प्रोग्रॅम, चालवतात आणि व्हॉट्सॲपवरून त्याच्याशी बोलतात. आता त्याला घरपोच जेवण देणाऱ्या फूडोरासाठीचं कमांड लाइन टूल (टाइप केलेल्या आज्ञांवर चालणारा प्रोग्रॅम) जोडायचा विचार आहे, म्हणजे ऑफिसातून निघताना ‘नेहमीचं मागव’ एवढं लिहिलं की घरी पोहोचेपर्यंत जेवण दारात. खात्यात कार्ड सेव्ह केलेलं आहे, म्हणून बायकोचा विरोध आहे. शिवाय पुण्यात राहणाऱ्या आईबाबांसाठी इथूनच असं काही लावून देता येईल का, हेही विचारलंय.

दोन्ही होतं, पण व्हिएन्नातलं काम आणि पुण्यातलं काम वेगवेगळ्या वाटेनं करावं लागेल. आणि वहिनींची शंका रास्त आहे. एजंटांना टूल्स जोडून देणं हे माझं रोजचं काम. त्यात जेवण कमी आणि बिलं, तिकिटं, गोदामाची खरेदी जास्त, पण दुखणं सगळीकडे एकच असतं. एजंटला पैसे खर्च करायला शिकवायला एक दुपार पुरते. त्यानं कुठे थांबायचं हे ठरवायला, आणि ते थांबणं त्याच्या समजूतदारपणावर न सोडण्यात, बाकीचा सगळा वेळ जातो.

टर्मिनलवरून, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीतून, जेवण मागवण्याची हौस जुनीच आहे. २००४ साली कोरी अर्केंजल आणि मायकेल फ्रुमिन यांनी ‘पिझ्झा पार्टी’ नावाची कमांड लिहिली. पिझ्झाचा आकार आणि वरचं टॉपिंग टाइप करायचं, ऑर्डर डॉमिनोजकडे जायची. अगदी अलीकडे, २०२४ मध्ये, टर्मिनल नावाच्या दुकानानं एसएसएचवरून (टर्मिनलमधून दूरच्या मशीनशी जोडलं जाण्याची पद्धत) कॉफीच्या बिया विकायला सुरुवात केली, ब्राउझर उघडायचं कामच नाही. या सगळ्यात कमांड टाइप करणारा माणूस होता. एंटर दाबण्याआधी माणूस क्षणभर तरी थबकतो: पत्ता ऑफिसचा तर राहिला नाही ना, दोनऐवजी बारा तर नाही पडले? मॉडेल, म्हणजे एजंटच्या आतला एआयचा मेंदू, असं थबकत नाही. त्याला पुढची कमांड दिसली की तो ती चालवतो. तुम्हाला जे काही बांधायचंय ते त्या थबकण्याच्या जागी बांधायचंय.

कमांड लाइनचा मार्ग निवडलात हे मात्र बरं केलंत. ब्राउझर चालवणाऱ्या एजंटला दर पानावर कुकीची पाटी बाजूला सारावी लागते, ‘यासोबत पेय घ्या’ म्हणणारा चौकोन टाळावा लागतो, आणि बटण चार बोटं खाली सरकलं की तो चाचपडायला लागतो. टूल सरळ मजकूर देतं. मॉडेलला हेल्पचं पान वाचून टूल वापरता येतं, वेगळं शिकवावं लागत नाही. फक्त एक पथ्य पाळा: मेनूचं किंवा ऑर्डर-इतिहासाचं अख्खं जेसन (प्रोग्रॅमांसाठी मांडलेली माहिती) त्याच्यापुढे ओतू नका. एका बऱ्यापैकी रेस्टॉरंटचा मेनू जेसनमध्ये भलामोठा होतो, फोटोंच्या लिंका आणि ऑफरांच्या अटींसकट. जेक्यू या जेसन चाळणाऱ्या टूलनं नाव, किंमत आणि कोड एवढंच ठेवा. लांबलचक मजकुरात मॉडेल एका पदार्थाची किंमत दुसऱ्याला चिकटवतं, आणि वर ती इतक्या ठामपणे सांगतं की आपणही तपासत नाही.

आता टूलकडे येऊ. ओपनक्लॉसोबत फूडोरासाठी जे वापरलं जातं ते ऑर्डरसीएलआय, ओपनक्लॉचाच कर्ता पीटर स्टाइनबर्गर याचं. जुन्या ऑर्डरी दाखवतं, चालू ऑर्डर कुठवर आली ते सांगतं आणि जुनी ऑर्डर पुन्हा भरून देतं. पुन्हा भरण्याच्या कमांडची रचना मला आवडते. ‘रीऑर्डर’ आणि ऑर्डरचा कोड एवढंच दिलं तर काहीच बदलत नाही, फक्त काय होईल ते दिसतं. शेवटी ‘--कन्फर्म’ लावलं तरच कार्टमध्ये खरोखर फरक पडतो. ओपनक्लॉला हे टूल कसं वापरायचं हे सांगणारी जी सूचनांची फाइल आहे तिच्यातही बजावलंय की वापरणाऱ्यानं स्पष्ट होकार दिल्याशिवाय ‘--कन्फर्म’ चालवायचं नाही.

सूचना चांगली आहे. पण ती सूचना आहे, कुलूप नव्हे. बहुतेक वेळा मॉडेल ती पाळतं. पण संभाषण लांबलं, मधे चार वेगळे विषय झाले, तुम्ही कुठल्यातरी दुसऱ्याच गोष्टीला ‘हो चालेल’ म्हणालात, की तो होकार कशाला होता याबद्दल त्याचा आणि तुमचा समज वेगळा असू शकतो. म्हणून अडवणूक मॉडेलच्या बाहेर हवी, ऑपरेटिंग सिस्टिमच्या पातळीवर.

इथे एक फट आहे आणि ती मी वारंवार बघते. लोक म्हणतात, आमच्या एजंटमध्ये परवानग्यांची यादी आहे, आम्ही ‘ऑर्डरसीएलआय फूडोरा रीऑर्डर’ला परवानगी दिलीय, कारण ते नुसतं दाखवतं. बऱ्याच एजंटांमध्ये ही परवानगी कमांडच्या सुरुवातीवरून जुळवली जाते, काहींत तर फक्त प्रोग्रॅमच्या नावावरून. धोक्याचा शब्द मात्र कमांडच्या शेवटी येतो. सुरुवात जुळली, परवानगी मिळाली, आणि मागे लावलेलं ‘--कन्फर्म’ त्याच परवानगीत आरामात आत गेलं. यादीत कुठेही चूक दिसत नाही आणि तरी दार उघडं असतं. टूल पत्त्याचा आयडी, देश वगैरे आणखी पर्याय घेत असेल तर तेही असेच मागून येतात.

यावर उपाय साधा आहे. एजंटला मूळ टूल देऊच नका. तुमची एक छोटी स्क्रिप्ट द्या, तिला नाव द्या ‘जेवण-बघ’. तिला तीनच गोष्टी येतात: जुन्या ऑर्डरींची यादी, चालू ऑर्डरची स्थिती आणि एका कोडची पूर्वतपासणी. कोड म्हणून फक्त अक्षरं, आकडे आणि आडवी रेघ चालेल, बाकी काहीही आलं की स्क्रिप्ट बंद. उरलेले शब्द पुढे ढकलायचे नाहीत. मूळ टूल, त्याचं सेटिंग आणि लॉगिनचं टोकन (पासवर्डऐवजी चालणारी किल्ली) वेगळ्या युजरच्या मालकीचं ठेवा, फाइलला ६०० ची परवानगी, म्हणजे फक्त मालकालाच ती वाचता-लिहिता येईल, आणि एजंटचा युजर सुडोमधून (दुसऱ्या युजरच्या नावानं कमांड चालवण्याची सोय) फक्त ‘जेवण-बघ’ चालवू शकेल एवढीच एक ओळ. हे केलं नाही तर बाकी सगळं व्यर्थ आहे, कारण ज्या एजंटच्या हातात मोकळं शेल आहे, म्हणजे हवी ती कमांड चालवायची मुभा आहे, तो टोकनची फाइल वाचून थेट एपीआयला, म्हणजे प्रोग्रॅमांसाठीच्या सर्व्हरच्या दाराला, विनंती पाठवू शकतो. कट करून नव्हे, मदत करण्याच्या नादात. ‘टूल चालत नव्हतं म्हणून मी दुसरा मार्ग काढला’ असं वर कौतुकानं सांगेल.

लॉगिन करताना पासवर्ड कमांडमध्येच लिहू नका. तो शेलच्या इतिहासात राहतो, प्रोसेसच्या यादीत दिसतो, आणि एजंटनं स्वतः ती कमांड चालवली असेल तर संभाषणाच्या नोंदीत कायमचा जातो. ऑर्डरसीएलआयमध्ये पासवर्ड स्टँडर्ड इनपुटवरून देण्याची सोय आहे. लॉगिन स्वतः करा, एकदाच, एजंट बंद असताना.

मग ‘हो, मागव’ हे कसं सांगायचं? व्हॉट्सॲपवर लिहिलेला होकार मॉडेलमधूनच जातो. तो मिळाला की नाही हे शेवटी मॉडेलच ठरवतं. खरा होकार दुसऱ्या वाटेनं यायला हवा. हौस असेल तर दुसरी स्क्रिप्ट लिहा, जी तुमच्या फोनवर सूचना पाठवते आणि तुम्ही बटण दाबल्यावरच ‘--कन्फर्म’ चालवते. पण मी तुमच्या जागी असते तर एवढंही केलं नसतं. एजंटनं ऑर्डर निवडावी, रक्कम सांगावी, फार तर कार्ट भरावी, आणि शेवटचं बटण मी फोनवरच्या ॲपमध्ये दाबावं. त्याला दहा सेकंद लागतात, आणि त्या दहा सेकंदांत पत्ता, रक्कम आणि पदार्थ डोळ्यांखालून जातात.

दुसरी स्क्रिप्ट लिहायचीच असेल तर दोन गोष्टी तिच्यात असल्याच पाहिजेत.

पहिली, होकार एका ठरावीक चित्राला बांधलेला असावा. पूर्वतपासणीच्या वेळी जे दिसलं, म्हणजे पदार्थ, नग, एकूण रक्कम, डिलिव्हरीचे पैसे, पत्ता, ते सगळं एका फाइलमध्ये लिहून ठेवायचं आणि त्याचा हॅश, म्हणजे मजकूर बदलला की बदलणारा ठसा, काढायचा. कन्फर्म करण्याआधी पुन्हा तपासणी चालवायची. हॅश जुळला नाही तर थांबायचं आणि काय बदललं ते सांगायचं. तुम्ही ट्राममध्ये असताना होकार दिला, तोवर गर्दीची वेळ सुरू झाली, डिलिव्हरीचे पैसे वाढले, एक पदार्थ संपला, असं सहज होतं. किती मिनिटांनंतर होकार शिळा समजायचा हेही त्यातच ठरवून टाका.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, आणि नेमकी तीच विसरली जाते. एजंटला उपजत खोड असते: कमांड फसली की पुन्हा चालवून बघायची. फाइल वाचताना, कोड कंपाइल करताना ही खोड गुणाची. पैशांच्या कमांडला तीच नडते. समजा टूलचं कन्फर्म नुसती कार्ट न भरता थेट ऑर्डर देणारं आहे. विनंती सर्व्हरवर पोहोचते, ऑर्डर नोंदली जाते, पण उत्तर परत येताना नेट तुटतं. टूल म्हणतं ‘टाइमआउट’. एजंट म्हणतो पुन्हा करून बघू. तासाभरानं दोन रायडर दारात. चांगल्या पेमेंट एपीआयमध्ये यासाठी इडेम्पोटन्सी की असते, एकाच किल्लीनं दोनदा मागितलं तरी काम एकदाच होतं. अनधिकृत टूलच्या मागे अशी किल्ली आहे असं गृहीत धरायचं नाही. नियम असा ठेवा: कन्फर्म चालवण्याआधी स्क्रिप्टनं एक कुलूप-फाइल तयार करावी, आणि उत्तर काहीही येवो, ती माणसानं काढेपर्यंत दुसरं कन्फर्म होणार नाही. एरर आली तर चालू ऑर्डरींची यादी बघायची, बस्स.

हे टूल फूडोराचं अधिकृत नाही, फोनवरचं ॲप ज्या एपीआयशी बोलतं तिच्याशीच ते बोलतं, हेही लक्षात असू द्या. उद्या ॲप बदललं की टूल पडेल. मधे बॉट ओळखणारी भिंत असते, ती लॉगिन अडवते; त्यासाठी क्रोममधलं चालू सेशन उचलण्याची सोय टूलमध्ये दिलीय, पण तुमच्या रोजच्या क्रोम प्रोफाइलकडे एजंटच्या मशीनला पोहोचू देणं मला पटत नाही. त्या प्रोफाइलमध्ये तुमचं मेलही उघडं असतं, बँकही असते. एक वेगळं प्रोफाइल करा, त्यात फक्त हे एकच लॉगिन. सेवेच्या अटी वाचा, खातं बंद होऊ शकतं याची तयारी ठेवा, आणि दर मिनिटाला स्थिती विचारत बसू नका.

खात्याबद्दल माझी एक ठाम सूचना आहे. तुमचं वर्षानुवर्षांचं खातं एजंटला देऊ नका. घरातल्या दुसऱ्या माणसाच्या नावानं, वहिनी तयार असतील तर त्यांच्या, वेगळं खातं ठेवा. त्यातून ‘नेहमीच्या’ दोन-चार ऑर्डरी हातानं द्या, अगदी मनासारख्या: तिखट किती, चटणी वेगळी, काटेचमचे नकोत. एजंटला जुनीच ऑर्डर पुन्हा भरता येते, म्हणजे त्या खात्याचा इतिहास हीच त्याच्यासाठी परवानगीची यादी झाली. नवं रेस्टॉरंट शोधून आणण्याची त्याची हौस आपोआप मिटते.

आणि ती मिटावीच. नवीन पदार्थ एजंटकडून निवडून घेण्याच्या मी विरुद्ध आहे, विशेषतः तुमच्याकडे अंडं न खाणारं कुणी असेल तर. ऑस्ट्रियात डिसेंबर २०१४ पासून युरोपीय नियमानुसार चौदा ॲलर्जी-घटकांची माहिती द्यावी लागते, आणि तिथल्या मेनूंवर ती एकेका अक्षरानं देतात: ए म्हणजे ग्लूटेन असलेलं धान्य, सी म्हणजे अंडं, डी मासे, ई शेंगदाणे, एफ सोया, जी दूध, एच बदाम-काजूसारखा सुकामेवा, एन तीळ. ‘भाजीचा कटलेट, ए सी जी’ असं लिहिलं असेल तर त्यात अंडं आहे, मग वर्णनात ‘व्हेजिटेरियन’ लिहिलेलं का असेना, कारण तिकडच्या व्याख्येत अंडं शाकाहारातच येतं. मॉडेल ‘व्हेजिटेरियन’ वाचतं आणि पुढे जातं. त्यातून जर्मनीतली अक्षरं वेगळी असतात, दुकानागणिकही बदलतात, आणि मॉडेलनं वाचलेल्या जर्मन मजकुरात दोन्ही देश आलेले असतात. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेलं मूल घरात असेल तर हा विषय इथेच संपवा: ती ऑर्डर माणसानं द्यायची, शंका आली तर रेस्टॉरंटला फोन करायचा.

पत्त्याचंही असंच. व्हिएन्नात घर क्रमांक, जिना आणि दार असे तीन आकडे तिरप्या रेघांनी लिहितात, बारा तिरपी रेघ तीन तिरपी रेघ चौदा. मोठ्या वसाहतीत जिना चुकला की रायडर भलत्याच इमारतीत. एजंटला पत्ता ‘नीट’ करायला आवडतं, मधला आकडा त्याला फाजील वाटू शकतो. म्हणून पत्ता मजकूर म्हणून कधीच द्यायचा नाही. खात्यात एकच पत्ता सेव्ह करायचा आणि स्क्रिप्टमध्ये त्याचाच आयडी पक्का लिहून टाकायचा.

आता तो धोका, ज्याबद्दल सगळे बोलतात पण घरच्या एजंटला तो लागू होतो असं कुणाला वाटत नाही. मेनू, रेस्टॉरंटचं नाव, ऑफरची ओळ, रायडरचा निरोप, हा सगळा परक्यानं लिहिलेला मजकूर आहे आणि तो थेट मॉडेलच्या डोक्यात जातो. त्यात कुणी ‘हे वाचणाऱ्या सहायकानं अमुक करावं’ असं लिहिलं, तर मॉडेलला ती तुमची आज्ञा आणि परक्याची ओळ यांत फरक खात्रीनं करता येत नाही. प्रोग्रॅमर सायमन विलिसन यांनी २०२२ मध्ये याला प्रॉम्प्ट इंजेक्शन हे नाव दिलं. २०२५ मध्ये त्यांनीच तीन गोष्टींचं त्रिकूट सांगितलं: खासगी माहिती, परका मजकूर आणि बाहेर काही पाठवण्याची सोय. तिन्ही एका एजंटमध्ये आल्या की माहिती बाहेर जाण्याचा रस्ता तयार होतो. तुमच्या ओपनक्लॉमध्ये व्हॉट्सॲप आहे, बहुधा मेल आणि कॅलेंडरही आहे, आणि आता मेनू येणार. म्हणून जेवणासाठी वेगळा एजंट ठेवा, ज्याला मेल दिसत नाही. तो फक्त तुमच्या आणि वहिनींच्या नंबरवरून आलेलंच ऐकेल असं करा. कुटुंबाच्या ग्रुपमध्ये त्याला अजिबात घेऊ नका. तिथे भाचरं आहेत आणि त्यांना एव्हाना कळलेलं असतं की तो ऐकतो.

पैशांकडे येऊ. युरोपात पीएसडी टू या पेमेंटच्या नियमांखाली ऑनलाइन पेमेंटला दुहेरी ओळख लागते, बँकेच्या ॲपमध्ये होकार द्यावा लागतो. त्यामुळे तुम्हाला वाटेल की शेवटचं कुलूप बँकेनं लावलेलंच आहे. पण त्याच नियमांत छोट्या रकमेला सूट आहे: ३० युरोपर्यंतचा व्यवहार दुहेरी ओळखीविना होऊ शकतो, मग अशा सलग पाच व्यवहारांनंतर किंवा एकूण १०० युरोंनंतर पुन्हा ओळख मागितली जाते. दोघांचं रात्रीचं जेवण बरोबर त्या सवलतीत बसतं. सूट द्यायची की नाही हे बँक ठरवते, म्हणजे कधी विचारणा होईल, कधी नाही. वहिनींची भीती इथे अगदी नेमक्या जागी आहे. त्या वेगळ्या खात्याला मुख्य कार्ड जोडू नका. प्रीपेड किंवा मर्यादा लावता येणारं व्हर्च्युअल कार्ड घ्या, त्यात आठवड्याच्या जेवणाएवढेच पैसे ठेवा. सगळी कुलपं तुटली तरी नुकसान तेवढंच.

पुण्याची गोष्ट निराळी, आणि काही बाबतींत सोपी. तिथे अनधिकृत टूलच्या नादी लागायची गरज नाही. झोमॅटो आणि स्विगी या दोन्ही कंपन्यांनी स्वतःचे एमसीपी सर्व्हर काढलेत. एमसीपी हा एजंट आणि सेवा यांच्यातला बोलण्याचा ठराव आहे, एआय कंपनी अँथ्रोपिकनं नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेला. कमांड लाइनवरच्या क्लॉड कोडसारख्या एजंटलाही तो जोडता येतो. लॉगिन कंपनीच्या पानावर होतं, पासवर्ड एजंटकडे येत नाही, आणि प्रत्येक क्रिया वेगळं टूल असते: शोधणं वेगळं, कार्ट वेगळी, ऑर्डर वेगळी. त्यामुळे ‘शोधायला मोकळीक, ऑर्डरला दर वेळी विचारणा’ असा नियम टूलच्या नावावर लावता येतो आणि वर सांगितलेली शेवटच्या शब्दाची फट इथे उरत नाही. पूर्ण नियम मात्र वाचून घ्या. कुठला एजंट चालतो, पैसे कसे देता येतात, याच्या अटी बदलत असतात.

भारतात कार्डाला ओटीपी आणि यूपीआयला पिन, त्यामुळे थबकण्याची जागा व्यवस्थेनंच बांधून दिलीय. ती पाडू नका. आईबाबांच्या फोनवरचे एसएमएस आपोआप एजंटकडे वळवून ओटीपी भरून घेण्याची युक्ती लोक मोठ्या अभिमानानं सांगतात. असं करणं म्हणजे घराला कुलूप लावून किल्ली दारातल्या कुंडीखाली ठेवणं. त्याच फोनवर बँकेचे आणि पेन्शनचे निरोप येतात. यूपीआय लाइट हाही एक आडमार्ग आहे: एका वेळी १,००० रुपयांपर्यंत पिन लागत नाही, आणि एकूण शिल्लक ५,००० रुपयांपर्यंतच ठेवता येते. मर्यादा छोटी असल्यानं तो मला फारसा डाचत नाही, पण ॲपच्या वॉलेटमध्ये मोठी रक्कम भरून ठेवू नका. ऑक्टोबर २०२५ मध्ये यूपीआय चालवणारी एनपीसीआय, पेमेंट कंपनी रेझरपे आणि ओपनएआय यांनी चॅटजीपीटीतून यूपीआय पेमेंटचा प्रयोग जाहीर केला. ठरावीक रक्कम आधीच राखून ठेवायची आणि एजंटनं तेवढ्यातूनच खर्च करायचा, ही त्यातली कल्पना मला पटते, व्हिएन्नातल्या प्रीपेड कार्डाचंच ते सरकारमान्य रूप आहे. तोवर आईबाबांसाठी रोख देण्याचा पर्याय असेल तर तो घ्या. घरात सुटे पैसे ठेवायला त्यांना सांगावं लागत नाही.

एक व्यवहारातली अडचण. खातं ज्या नंबरवर आहे त्याच नंबरला रायडर फोन करतो. खातं तुमच्या ऑस्ट्रियातल्या किंवा तुमच्याजवळच्या भारतीय नंबरवर असेल तर तो ‘सर, गेट नंबर कौनसा?’ हे तुम्हाला विचारणार, तेही तुमची मीटिंग चालू असताना. खातं बाबांच्या नंबरवरच हवं. म्हणजे लॉगिनचा ओटीपीही त्यांनाच येणार आणि तो त्यांनी तुम्हाला फोनवर सांगावा लागणार. ‘ओटीपी कुणालाही सांगू नका’ असं आपणच त्यांना इतकी वर्षं घोकवलंय, तेव्हा हे लॉगिन सुट्टीत पुण्याला जाल तेव्हा समोर बसून करा. शिवाय संकष्टीला, एकादशीला काय चालतं, श्रावणात काय चालत नाही, हे एजंटला माहीत असलं तरी आईला विचारल्याशिवाय ऑर्डर जाऊ नये. आणि खरं सांगायचं तर, रोजच्या जेवणाचा प्रश्न असेल तर त्यांच्याच भागातला एखादा घरगुती डबा लावा. गरम पोळ्या येतात, पथ्य सांगता येतं, आणि डबेवाल्या काकू दोन दिवस बाबा दिसले नाहीत तर चौकशी करतात. एजंट पाहुणे अचानक आले तर कामाला येईल.

या सगळ्या अटी लावल्यावर उरतं काय, असं वाटेल. माझ्या मते जे उरतं तेच कामाचं आहे. ऑर्डर कुठवर आली ते बघायला टूलला सांगून ठेवलेलं असतं, ते बघत राहतं, आणि ‘रायडर निघाला’ एवढा एकच निरोप येतो. ॲप दहा वेळा उघडावं लागत नाही. महिन्याला बाहेरच्या जेवणावर किती गेले याचा हिशेब जुन्या ऑर्डरींच्या जेसनमधून मिनिटात निघतो. ऑफिसात सहा जणांची मागणी गोळा करणं, कुणाचं काय, कुणाचे किती, यात तर एजंट वाकबगार आहे. यातलं एकही काम पैसे खर्च करत नाही. तुम्ही इथूनच सुरुवात करा, नुसतं बघणारी स्क्रिप्ट देऊन. महिनाभर तो काय काय कमांडी मागतो याची नोंद ठेवा. नाकारल्या गेलेल्या कमांडींची यादी वाचलीत की तुमच्या एजंटचा स्वभाव कळेल.

क्रॉनवर, म्हणजे ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या सोयीवर, दर शुक्रवारी आपोआप ऑर्डर लावायचा मोह होईल, प्रत्येकाला होतो. लावायचंच असेल तर विचारणा लावा: ‘साडेसहा वाजले, नेहमीचं भरू का, आज इतके युरो होताहेत.’ व्हिएन्नातल्या बऱ्याच रेस्टॉरंटांना आठवड्यातून एक दिवस सुट्टी असते, उन्हाळ्यात तर आठवडेच्या आठवडे बंद. बंद दिसलं की एजंट आपणहून जवळचं दुसरं काहीतरी शोधून भरायला बघतो. त्याच्या सूचनांच्या फाइलमध्ये एक ओळ टाका: मूळ ऑर्डर भरता येत नसेल तर कारण सांगून थांब, पर्याय विचारल्यावरच सुचव. आणि ती ओळ त्यानं पाळली नाही तरी काही बिघडणार नाही अशी ‘जेवण-बघ’ आधी लिहून ठेवा.